आमच्या गच्चीवरची तोफ

वहिनी, अहो वहिनी! जरा कुंपणापाशी येता का? परवा विरजण नेलं होतं ना, त्याची वाटी द्यायची राहिली. रिकामी कशी देणार, म्हणून तिळाच्या चार वड्या ठेवल्यात. संक्रांतीच्या आधीचा नमुना म्हणा. पाक जरा पुढं गेलाय, भाऊजींना सांगा, आधी चघळा, मग चावा. मी कुकर लावून आलेय. तीन शिट्ट्या झाल्या की पळते, तोवर दोन शब्द बोलू.

गावात काय उठलंय ते ऐकलंत का? काल दूधवाला मला विचारतो, "आजी, काकांनी बिबट्यासाठी तोफ केली म्हणे?" गच्चीवरची ती निळी नळी दिसते ना रस्त्यावरून, तिचंच हे. किराणावाला म्हणतो सोलरचं काहीतरी आहे. बाजारात एकानं तर सांगितलं, गारा पाडणारे ढग फोडायचं यंत्र आहे, द्राक्षवाल्यांनी ऑर्डर दिलीय. मी कोणाकोणाला सांगत बसू? बोअरच्या केसिंगचा आठ इंची पाइप आहे तो. चार फुटांचा तुकडा. त्याच्या बुडाशी आरसा आहे आणि तोंडाशी कॅमेरा. दुर्बीण आहे हो ती, घरी केलेली. जून महिन्यापासून तुम्ही जो आवाज ऐकून वैतागला होता ना, तो याच बाळंतपणाचा!

हे सगळं सुरू झालं खोडदच्या प्रदर्शनापासून. विज्ञान दिनाला, 28 फेब्रुवारीच्या सुमाराला, त्या मोठ्या छत्र्या लोकांना बघायला देतात ना, तिथं गेले होते हे. तीस छत्र्या, एकेक 45 मीटर रुंद. एवढी वर्षं आपण नारायणगावात राहतो, येता-जाता बघतो, पण आत जायचं कधी सुचलं नव्हतं. रिटायर झाल्यावर यांचे हात रिकामे आणि डोकं त्याहून रिकामं. तर हे तिथल्या पोराला विचारतात, "डोळा कुठं लावायचा?" पोरगं हसलं. म्हणालं, "काका, हिला डोळा लावायची सोयच नाही. ही आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी पकडते. म्हणून तर मोबाइल बंद ठेवायला सांगतो आम्ही." हे हिरमुसले. एवढी मोठी दुर्बीण आणि डोळा लावायला जागा नाही!

तिथंच एका कॉलेजच्या मुलानं स्वतः केलेली दुर्बीण मांडली होती. तोंडाला चंदेरी गाळणी बांधून सूर्यावरचे डाग दाखवत होता. गाळणीशिवाय सूर्याकडं बघायचं नाही बरं, डोळाच जातो. यांनी विचारलं, "कितीला घेतली?" तो म्हणाला, "घेतली नाही काका, घासली." झालं! एसटीच्या वर्कशॉपात जन्मभर व्हॉल्व्ह घासलेला माणूस. "घासली" म्हटल्यावर यांच्या अंगात आलं.

मग दोन जाडजूड काचा आल्या. सहा इंच रुंद, भाकरीएवढ्या गोल. एक पिंपावर पक्की बसवली, पिंपात वाळू भरली. वर दुसरी काच, आणि दोघींच्या मध्ये पाणी नि कार्बोरंडमची पावडर. मग पुढं-मागं घासायचं, चार-सहा हात मारले की वरची काच जरा फिरवायची, आपण एक पाऊल बाजूला सरायचं, पुन्हा घासायचं. असं पिंपाभोवती फिरत राहायचं. वटपौर्णिमेला मी वडाला सात फेऱ्या मारून आले, तेव्हा हे पिंपाला प्रदक्षिणा घालत होते. मी म्हटलं, माझ्या सात जन्मांचं मी बघते, तुमचं कितव्या जन्माचं चाललंय?

पण गंमत आहे हो त्यात. आपला पाटा नाही का, वरवंट्यानं रगडून रगडून मधोमध खोलगट होतो? अगदी तसंच. वरची काच मध्ये खोल होत जाते आणि खालची फुगत जाते. बरं, खोल म्हणजे किती? मला वाटलं वाटीसारखी करायची असेल. छे! मधोमध सव्वा मिलिमीटरसुद्धा नाही. दीड एटीएम कार्डाची जाडी. एवढ्यासाठी तीन महिने घर डोक्यावर! आणि त्याला ना साचा, ना मशीन. मी विचारलं, गोलाई बरोबर येतेय हे कळतं कसं? हे म्हणाले, तीच तर खुबी. हाताला चुकू द्यायचं, फक्त दरवेळी वेगळ्या बाजूनं चुकू द्यायचं. दोन काचा सगळ्या बाजूंनी फिरवत राहिलं की उंच भाग आपोआप घासला जातो, आणि उरतो तो गोलाचा तुकडा. कारण गोलाचेच दोन तुकडे कसेही सरकवले तरी एकमेकांना चिकटून राहतात. नवरा-बायकोचंही असंच असतं म्हणायला गेले, तर म्हणतात, "हो, पण मध्ये कार्बोरंडम लागतो." आता यावर काय बोलायचं?

ही पहिली शिट्टी. अजून दोन आहेत.

तर पावडर असते नंबराची. 80 म्हणजे आपला जाडा रवा, मग 120, 220, 400, 600. मोठ्या नंबराला पावडर बारीक, शेवटी मैद्याहून मऊ. तुम्ही आषाढात म्हणाला होता ना, रात्री कोणीतरी दात खातंय असा आवाज येतो? तो 80 नंबर. आणि श्रावणात म्हणालात, थांबलं वाटतं एकदाचं. थांबलं नव्हतं हो, पावडर बारीक झाली होती! तुम्हाला इथं अंथरुणात पडल्या पडल्या प्रगती ऐकू येत होती.

फक्त एक पथ्य फार कडक. जाड पावडरीचा एक कण जरी बारकीत आला तरी काचेवर ओरखडा. भातात खडा लागला तर आपण थुंकून मोकळं होतो, इथं मागच्या नंबरावर जावं लागतं. म्हणून दरवेळी ओटा धुवायचा, पिंप धुवायचं, यांनी कपडे बदलायचे. तरी एकदा 400 वर असताना कर्र झालं. लांबलचक ओरखडा! सगळा राग माझ्या केरसुणीवर. तुझ्यामुळं उडालं, म्हणे. मी यांचा हात धरला आणि उजेडात नखं दाखवली. प्रत्येक नखात 80 नंबर! मग गपचूप 220 वर गेले. त्या आठवड्यात घरात कसं शांत वाटत होतं.

गणपतीत तुमच्याकडं वास आला होता ना डांबराचा? तेही आम्हीच. घासून काच धुरकट होते, तिला चकाकी आणायला पिच लागतं, डांबराच्या जातीचं. ते वितळवायला माझं जाड बुडाचं पातेलं घेतलं. ते पातेलं गेलंच म्हणायचं. पिच ओतून थापलं आणि सुरीनं आडव्या-उभ्या रेघा मारून चौकोन पाडले. मी म्हटलं, अगोबाई, या तर वड्या! त्यावर सिरियम ऑक्साइडचं लालसर पाणी टाकून आरसा फिरवायचा, तासन् तास. याच दिवसांत यांनी मला एक गोष्ट वाचून दाखवली. हर्शल नावाचा एक माणूस होता इंग्लंडात, बाथ गावी. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, म्हणजे आपल्या फडातला पेटीवालाच समजा. त्याला हेच वेड. तेव्हा आरसे धातूचे असायचे. घराच्या तळघरात घोड्याच्या लिदीचा साचा करून धातू ओतला, साचा तडकला, तापलेला रस फरशीवर पसरला आणि फरश्या फटाफट उडाल्या! आमच्या घरात तेवढंच व्हायचं राहिलं. तर तो सोळा-सोळा तास आरसा घासायचा, हात उचलायचा नाही, आणि त्याची बहीण कॅरोलिन त्याला घास भरवायची. याच माणसानं 1781 साली, 13 मार्चला, घराच्या परसातून आपल्या हातच्या दुर्बिणीनं युरेनस शोधला. मधली चार वाक्यं यांनी जरा मोठ्यानं वाचली, घास भरवायची.

मी काय इतकी भोळी आहे? मी नातवाला फोन लावला, म्हटलं, त्या बहिणीचं पुढं काय झालं ते बघून सांग. तर वहिनी, त्या बाईनं पुढं स्वतः आठ धूमकेतू शोधले! आणि 1787 पासून इंग्लंडच्या राजाकडून वर्षाला 50 पौंड पगार घेतला, भावाची मदतनीस म्हणून. मी यांना म्हटलं, घास भरवते, पगाराचं बोला. तेव्हापासून जेवायला वेळेवर पाटावर येतात.

पण खरं सांगू, त्या आरशाची परीक्षा मीही घेतली हो. रात्री बोळातले दिवे घालवून आरसा एका टोकाला ठेवायचा, आठ फुटांवर बारीक भोकाचा दिवा, आणि आरशातून परत येणारा उजेड दाढीच्या ब्लेडनं हळूच कापायचा. फूको नावाच्या फ्रेंच माणसाची युक्ती. तोच तो, ज्यानं लांब लंबक टांगून पृथ्वी फिरते हे 1851 साली लोकांना दाखवलं. ब्लेड पुढं सरकलं की गुळगुळीत आरशावर डोंगर-दऱ्या दिसायला लागतात, जिथं बोटाला काहीसुद्धा लागत नाही तिथं. मी अंगठा टेकवून बघितला, अर्धा मिनिट. मग बघते तर तिथं टेकाड! माझ्या अंगठ्याच्या उबेनं काच फुगली होती. ते बसायला कितीतरी वेळ थांबलो. आणि शेवटचा हात तर फारच नाजूक. नुसता गोल चालत नाही, कडेचा नि मधला उजेड एका ठिकाणी येत नाही. म्हणून मध्ये किंचित आणखी खोल करून पॅराबोला करायचा. किंचित म्हणजे केसाच्या जाडीचा दोन-अडीचशेवा हिस्सा! यांचा हात वर्कशॉपातला, जड. दोनदा जास्त झालं. तिसऱ्यांदा मी म्हटलं, सरका. पुरणपोळी लाटताना कडेला दाब देऊन मध्ये नुसतं लाटणं फिरवायचं असतं, ती सवय इथं उलटी वापरली. आलं बरोबर. पण हे कोणाला सांगत नाहीत, तुम्हीही मला विचारू नका.

मग नवरात्रात आरसा पुण्याला नेला, ॲल्युमिनियमचा थर द्यायला. हवा काढून घेतलेल्या भांड्यात ॲल्युमिनियमची वाफ करतात, ती काचेवर बसते. थर एवढा पातळ की मिलिमीटरचे दहा हजार भाग केले तर त्यातला एखादा. जाताना नि येताना आरसा कुकरच्या डब्यात, डबा यांच्या मांडीवर, आणि मी उभी! एसटीत सीट डब्यासाठी धरली होती हो.

दुसरी शिट्टी. बाई, वेळ कसा जातो.

दिवाळीत नातू आला आणि नळी तयार झाली. खाली प्लायवूडची पेटी, ती सनमायकावर फिरते, मध्ये टेफ्लॉनचे तुकडे. ढकललं की सरकते, सोडलं की जागच्या जागी थांबते. ही युक्ती डॉब्सन नावाच्या माणसाची. तो चक्क सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीतला, आपल्या रामकृष्ण संघाच्या मठातला साधू! मठात चोरून दुर्बिणी करायचा. पत्रात दुर्बीण म्हणायची चोरी, म्हणून तिला जिरेनियमचं रोपटं म्हणायचा. 1967 साली मठातून बाहेर काढला त्याला, तर तो रस्त्याच्या कोपऱ्यावर दुर्बीण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवत बसला. यांना तो फार आवडतो. मी म्हटलं, तुम्हाला काढायचं ठरलं तर मठ नाही, हे घर आहे, लक्षात ठेवा.

आता कॅमेऱ्याची गंमत ऐका. नातवानं पुण्याहून एवढासा कॅमेरा आणला, चिप नखाएवढी. त्याची लेन्स काढून टाकली, कारण आमचा आरसाच लेन्स. पण तो नळीच्या तोंडाशी बसवायचा कसा? तिथल्या डोळा लावायच्या भोकाचं माप सव्वा इंच. घर धुंडाळलं, काही बसेना. शेवटी यांची नजर गेली देवळात न्यायच्या माझ्या हळदीच्या डबीवर. जुन्या फोटोच्या रोलची काळी डबी हो, झाकणवाली. बरोब्बर बसली! बूड कापलं, कॅमेरा चिकटवला, हळद गेली कागदाच्या पुडीत.

पण चित्र काही स्पष्ट होईना. डोळा लावायची भिंगं ठेवली की सगळं ठीक, कॅमेरा लावला की धुकं. नातू म्हणाला, कॅमेरा आणखी चार सेंटिमीटर आत जायला हवा आणि डबी तर आधीच टेकलीय. आता काय? आमचा फिटर जागा झाला. कॅमेरा आत जात नसेल तर आरसा वर आणू! खाली नवी भोकं पाडली, आरसा चार सेंटिमीटर वर सरकवला, आणि गुरू कसा लख्ख समोर आला.

हो हो, गुरूच. दिवेलागणीला पूर्वेला जो ठळक दिसतो ना सध्या, तो. तुमच्या ताईच्या लग्नासाठी गुरुजी गुरुबळ गुरुबळ करत होते, त्याच गुरूला मी लॅपटॉपवर पाहिलं. पोटावर दोन करडे पट्टे आणि बाजूला चार चंद्र, दोरीवर वाळत घातल्यासारखे ओळीत. जानेवारी 1610 मध्ये गॅलिलिओनं पहिल्यांदा पाहिले ते हेच. एवढ्या मोठ्या ग्रहाचं आमच्या चिपवर चित्र पडतं पाव मिलिमीटरचं! आणि चंद्राचं अकरा मिलिमीटरचं, ते चिपवर मावतच नाही. तुकड्या-तुकड्यानं काढून जोडावं लागतं, गोधडीसारखं.

तर नातू एकदम ओरडला, "आजी, गुरूवरचा लाल डाग!" डाग होता खरा. हे आनंदानं उड्या मारायच्या बेतात. मी म्हटलं, थांबा. गुरू चित्रात सरकत होता, पृथ्वी फिरते ना, त्यामुळं सव्वा मिनिटात या कडेहून त्या कडेला जातो, पुन्हा नळी ढकलायची. तर गुरू सरकला आणि डाग जागचा हलला नाही! मी म्हटलं, बाळा, तुझा डाग गुरूवर नाही, कॅमेऱ्यावर आहे. डबी काढून बघतात तर हळदीचा कण! कॅरोलिनबाईंचे आठ धूमकेतू, माझा हा एक.

आणि फोटो म्हणजे एक फोटो नव्हेच. दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्यायचा, त्यात चित्रं हजारोंनी. चुलीवरच्या वाफेतून पलीकडची भिंत कशी हलते, तशी हवा गुरूला हलवते. एखादाच क्षण हवा थांबते. तेवढी चित्रं निवडायची, बाकी फेकायची. आपल्या मार्केटला टोमॅटो निवडतात तसं, क्रेटमधून एक नंबर माल वेगळा. मग ती निवडलेली एकावर एक रचायची. शंभर रचली की दाणेदारपणा दहापट कमी होतो. संगणक करतो ते, पण निवडायला मी बसते. तांदूळ निवडून निवडून नजर तयार आहे माझी.

आता यांना मृगातला तेजोमेघ हवाय, त्या बाणाच्या तीन ताऱ्यांच्या खालचा. त्याला मिनिटभर उजेड साठवावा लागतो, आणि पृथ्वी थांबत नाही. त्यावरही तोड काढलीय. हेग नावाच्या स्कॉटिश माणसानं 1975 साली सुचवलेली. दोन फळ्या, एका कडेला बिजागरी, बिजागरी ध्रुवाकडं रोखायची. आपल्याकडं ध्रुव 19 अंशांवर, अगदी टेकडीला टेकल्यासारखा. आणि एक मिलिमीटर आट्याचा स्क्रू बिजागरीपासून 229 मिलिमीटरवर बसवून मिनिटाला एक फेरा फिरवायचा. वरच्या फळीवर साधा कॅमेरा ठेवला की तो आकाशाबरोबर चालतो. काल हे माझे जेवणाचे दोन पाट हातात घेऊन मापं घेत होते. मी हिसकावून घेतले.

पण वहिनी, खरी अडचण पाटांची नाही. कशी बोलू? तुमच्या फाटकावरचा तो पांढरा फोकस. अहो, रागावू नका, मला ठाऊक आहे तो का लावलाय. गेल्या महिन्यात मागच्या उसातून येऊन शेळी नेली बिबट्यानं, तुमच्या घरात लहान लेकरं. मी नाही म्हणत, तो घालवा. पण तो आडवा मारलाय हो. निम्मा उजेड आमच्या गच्चीवर आणि निम्मा आभाळात. डोळ्याला अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि जिन्यावरून वर पाऊल टाकलं की तुमचा फोकस ती एका क्षणात घालवतो. मृग तर धुतल्यासारखा फिका दिसतो.

यांनी एक काम केलंय, बघा तरी. ही पिशवी त्याचसाठी आणली. तेलाचा पंधरा किलोचा डबा कापून टोपी केलीय, आतून पांढरा रंग दिलाय. दिव्यावर बसवली की सगळा उजेड खाली, फाटकाशी नि अंगणात. उलट जास्तच पडेल. शेवटी उजेड खाली हवा ना आपल्याला? बिबट्या काही आभाळातून उतरत नाही. हे स्वतः येऊन बसवतील, दोनच स्क्रू आहेत. भाऊजींना विचारा. आणि आज आठला लेकरांना घेऊन गच्चीवर या, गुरू दाखवते. फक्त जिन्यात टॉर्च लावू नका.

तिसरी झाली! पळते. आणि हो, वड्या कशा झाल्या ते सावकाश सांगा. वड्यांची घाई नाही, डब्याचं तेवढं लवकर कळवा.